२-० ने पुढे होतो, मग गोल्ड गेलं कुठे? एशियन गेम्समधलं बॅडमिंटन, जरा सोप्या भाषेत

१ ऑक्टोबर २०२३, चीनमधलं हांगझोऊ, एशियन गेम्सची बॅडमिंटनची पुरुषांची टीम फायनल, भारत विरुद्ध चीन. लक्ष्य सेनने शी युचीला तीन गेममध्ये हरवलं, २२-२०, १४-२१, २१-१८. मग आपली डबल्सची जोडी सात्विक-चिराग आली आणि लियांग वेइकेंग-वांग चांग या तगड्या जोडीला २१-१५, २१-१८ असं सरळ घरी पाठवलं. भारत २, चीन ०. पाच मॅचपैकी तीन जिंकायच्या असतात, म्हणजे उरलेल्या तीनमधली फक्त एक काढायची, तीही चीनमध्ये, चीनच्याच प्रेक्षकांसमोर. सगळ्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज सुरू झाले. त्यानंतर तिन्ही मॅच गेल्या आणि आपल्याला सिल्व्हर मिळालं.

त्या दिवसापासून आजपर्यंत कुणाशीही हा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येतं, "हातातली मॅच घालवली राव, प्रेशर झेपलं नाही." मला हे पटत नाही. प्रेशर होतंच, नाही कशाला म्हणू, पण टीम इव्हेंट कसा चालतो ते नीट बघितलं तर लक्षात येतं की २-० हा स्कोअर दिसायला जेवढा भारी होता तेवढा प्रत्यक्षात नव्हता, आणि खरं नुकसान मॅच सुरू व्हायच्या आधीच झालेलं होतं. ते कसं, हे सांगायचं तर आधी थोडं बेसिक बोलावं लागेल, ज्यांना माहितीये त्यांनी पुढचा पॅरा सोडून द्या.

एशियन गेम्समध्ये बॅडमिंटनची सात गोल्ड असतात. पाच आपल्याला सवयीची, म्हणजे पुरुष सिंगल्स, महिला सिंगल्स, पुरुष डबल्स, महिला डबल्स आणि मिक्स्ड डबल्स. वर दोन टीम इव्हेंट, एक पुरुषांचा एक महिलांचा. ऑलिम्पिकमध्ये टीमचा प्रकार नसतोच, आणि कॉमनवेल्थमध्ये असतो तो मिक्स्ड टीमचा, त्यात पुरुष सिंगल्स, महिला सिंगल्स वगैरे पाचही प्रकारांची एकेक मॅच. म्हणून कॉमनवेल्थचं डोकं लावून एशियन गेम्स बघायला बसलात तर गोंधळ होतो. इथे पुरुषांच्या एका लढतीत तीन सिंगल्स आणि दोन डबल्स, आणि हांगझोऊतल्या फायनलचा क्रम होता पहिली सिंगल्स, पहिली डबल्स, दुसरी सिंगल्स, दुसरी डबल्स, तिसरी सिंगल्स. थॉमस कपमध्ये, म्हणजे पुरुष टीमच्या वर्ल्ड स्पर्धेत असतो तसाच. तीन जिंकल्या की खेळ खल्लास, उरलेल्या मॅच होत नाहीत.

आता मेन मुद्दा. कोण कितव्या नंबरला खेळणार हे कोचच्या मर्जीवर नसतं! इथेच बहुतेकांची गडबड होते. सिंगल्सचे जे तीन खेळाडू तुम्ही उतरवता ते वर्ल्ड रँकिंगच्या क्रमानेच उतरवावे लागतात. ज्याचं रँकिंग सगळ्यात वर तो पहिली सिंगल्स खेळणार, त्याच्या खालचा दुसरी, त्याच्या खालचा तिसरी. डबल्सलाही तेच, वरच्या रँकिंगची जोडी पहिली. आणि यासाठी कुठल्या तारखेचं रँकिंग धरायचं तेही आधीच ठरलेलं असतं, म्हणजे आदल्या आठवड्यात कोण फॉर्मात आहे याला काही किंमत नाही.

हा नियम कशाला? कारण नसता तर सगळेच चलाखी करतील. समोरच्या टीमचा एक नंबरचा खेळाडू अजिंक्य वाटतोय ना, मग त्याच्यासमोर आपला सगळ्यात कच्चा पोरगा बळी द्यायचा, आणि आपला तगडा खेळाडू त्यांच्या दोन नंबरवर सोडायचा. एक मॅच फुकट घालवून दोन खिशात. रँकिंगचा नियम हे बंद करतो. कोचच्या हातात उरतं ते एवढंच, की टीममधल्यांपैकी आज कुणाला उतरवायचं आणि कुणाला बसवायचं, आणि डबल्समध्ये जोड्या फोडून नवीन जोडी लावायची का. क्रमात तेवढा अपवाद असतो, छोट्या देशांकडे तीच पोरं सिंगल्सही खेळतात आणि डबल्सही, मग त्यांना मध्ये दम घ्यायला मिळावा म्हणून रेफरी मॅचचा क्रम पुढेमागे करू शकतो.

आता हे डोक्यात ठेवून हांगझोऊची सेमीफायनल बघा, कोरियाविरुद्ध. आपली लाइनअप होती पहिली सिंगल्स एच. एस. प्रणॉय, दुसरी लक्ष्य सेन, तिसरी किदांबी श्रीकांत. प्रणॉयने पहिला गेम घालवून मॅच काढली, १८-२१, २१-१६, २१-१९. सात्विक-चिराग हरले, आणि हरले ते कांग मिन-ह्युक आणि सेओ सेउंग-जे यांच्याकडून, जे त्याच ऑगस्टमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाले होते, दुसरा गेम २४-२६ पर्यंत ताणला पण गेला. लक्ष्यने त्याची मॅच अगदी एकतर्फी जिंकली, २१-७, २१-९. दुसरी डबल्स हरलो. २-२. आणि शेवटी श्रीकांत, तोही पहिला गेम १२-२१ असा हरून परत आला आणि जिंकला. ३-२, भारत पहिल्यांदाच एशियन गेम्सच्या टीम फायनलमध्ये.

नीट बघितलंत ना, त्या दिवशी आपण दोन्ही डबल्स हरलो होतो. सात्विक-चिरागसारखी जोडी हरूनही लढत जिंकलो, कारण तीन सिंगल्सला तीन असे खेळाडू होते की तिन्ही मॅच जिंकायची ताकद होती. भारताच्या टीमचं गणितच हे होतं, तीन सिंगल्स आणि एक डबल्स अशा चार जागा मजबूत, आणि दुसरी डबल्स म्हणजे देवाच्या भरवशावर. चारपैकी तीन काढायच्या. अवघड आहे पण होण्यासारखं आहे.

आणि मग प्रणॉयची पाठ गेली.

फायनलला तो खेळू शकला नाही. लोकांना वाटतं एक खेळाडू गेला म्हणजे एक मॅच कमजोर झाली. नाही हो. रँकिंगचा नियम आहे ना, त्यामुळे सगळे एक पायरी वर सरकले. दुसऱ्या सिंगल्सचा लक्ष्य पहिल्याला, म्हणजे चीनच्या एक नंबरसमोर. तिसऱ्याचा श्रीकांत दुसऱ्याला. आणि तिसऱ्या जागेवर आला मिथुन मंजुनाथ, जो सेमीला बेंचवर बसला होता. एक माणूस जखमी, पण तिन्ही सिंगल्समधल्या जोड्या बदलल्या, आणि तिन्ही आपल्यासाठी आधीपेक्षा कठीण झाल्या.

समोर कोण होतं तेही बघा, कारण चीनची खरी ताकद वरच्या नावात नव्हती तर खालच्या नावांत होती. त्यांचा दुसऱ्या नंबरचा सिंगल्सवाला ली शिफेंग, त्याच वर्षीचा ऑल इंग्लंड या मानाच्या स्पर्धेचा चॅम्पियन. ऑल इंग्लंड चॅम्पियन दोन नंबरला खेळतोय, विचार करा. दुसऱ्या डबल्सला लिऊ युचेन आणि ओऊ शुआनयी, ज्यांनी २०२२ ची वर्ल्ड टूर फायनल्स, म्हणजे वर्षअखेरची मोठी स्पर्धा जिंकली होती. आणि तिसऱ्या सिंगल्सला वेंग होंगयांग. हा तोच वेंग ज्याच्याशी आपला प्रणॉय २०२३ मध्ये दोन मोठ्या फायनल खेळला, मे महिन्यात मलेशिया मास्टर्स प्रणॉयने जिंकली आणि ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियन ओपन वेंगने, दोन्ही तीन-तीन गेमच्या. म्हणजे आपला एक नंबर आणि त्यांचा तीन नंबर साधारण सारख्या ताकदीचे. एवढं एक वाक्य कळलं तरी फायनल कळली.

तर २-० झालं तेव्हा खरी परिस्थिती काय होती? आपण आपले दोन सगळ्यात भारी पत्ते आधीच टाकून झाले होते. क्रमच तसा असतो, भारी मॅच आधी. पुढे श्रीकांत विरुद्ध ऑल इंग्लंड चॅम्पियन, मग ध्रुव कपिला आणि साई प्रतीक विरुद्ध वर्ल्ड टूर फायनल्स विजेते, मग मिथुन विरुद्ध वेंग. तिन्हीपैकी एकाही मॅचमध्ये कुणी तटस्थ माणसाने आपल्यावर पैसे लावले नसते.

त्यातल्या त्यात खिडकी उघडी होती ती श्रीकांतच्या पहिल्या गेममध्ये. तो गेम २२-२४ असा गेला. माझ्या मते अख्ख्या फायनलचा निकाल तिथे लागला, २-० वगैरे सगळं विसरा, तो गेम जर श्रीकांतने घेतला असता तर ली शिफेंगवर घरच्या प्रेक्षकांचं ओझं आलं असतं आणि काहीही होऊ शकलं असतं. दुसरा गेम ९-२१. त्यानंतर डबल्स ६-२१, १५-२१ आणि मिथुन १२-२१, ४-२१. आकडे बघून मिथुनला शिव्या घालणारे पण होते तेव्हा, आणि मला ते फार चुकीचं वाटलं. गोल्डची लढत २-२ वर असताना, परक्या हॉलमध्ये, स्वतःच्या जागेपेक्षा वरच्या जागेवर खेळायला पाठवल्यावर अजून काय होणार होतं.

आता यातली गंमत म्हणा की दैव म्हणा. २०२२ च्या मे महिन्यात बँकॉकला भारताने थॉमस कप जिंकला तेव्हा हाच प्रणॉय तिसरी सिंगल्स खेळत होता, कारण तेव्हा त्याचं रँकिंग लक्ष्य आणि श्रीकांतच्या खाली होतं. त्यामुळे क्वार्टरफायनलला मलेशियाविरुद्ध आणि सेमीला डेन्मार्कविरुद्ध २-२ झालं तेव्हा समोरच्यांच्या तीन नंबरच्या पोरासमोर आपला प्रणॉय उभा, आणि दोन्ही वेळा त्याने लढत काढून दिली. फायनलला इंडोनेशियाविरुद्ध तर त्याची गरजच पडली नाही, ३-० मध्येच काम झालं. पुढच्या वर्षभरात प्रणॉय आयुष्यातलं सगळ्यात चांगलं खेळला, रँकिंग वर गेलं, आणि त्याच कारणामुळे तो तिसऱ्या सिंगल्समधून पहिल्यात गेला. खेळाडू म्हणून भारी झाला आणि टीमच्या गणितात आपली सगळ्यात सुरक्षित जागा जरा ढिली झाली. त्यात ती दुखापत.

बरं, आता ड्रॉबद्दल, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी पडते त्याबद्दल, कारण पदकं मोजताना याच्याकडे कुणी बघत नाही. हांगझोऊत टीम इव्हेंटला गट वगैरे नव्हते, थेट नॉकआउट. आणि वरच्या टीमना पहिल्या राउंडला बाय, म्हणजे न खेळताच पुढे. आपल्या पुरुषांना बाय मिळाला, क्वार्टरफायनलला समोर नेपाळ आला, ३-० ने हरवलं, सिंगल्समध्येच काम उरकलं, आणि लगेच बातमी, ३७ वर्षांनी पुरुष टीमचं पदक नक्की! खोटं नाही ते, १९८६ च्या सोलनंतर खरंच पहिल्यांदा. पण एक लढत, तीही नेपाळविरुद्ध, जिंकून पदक नक्की झालं हेही तितकंच खरं. महिलांचं उलटं झालं. त्यांनी पहिल्या राउंडला मंगोलियाला ३-० हरवलं आणि क्वार्टरफायनलला समोर आलं थायलंड, ०-३ आणि गाशा गुंडाळला. दोन्ही टीमच्या दर्जात फरक आहे, मान्य, पण क्वार्टरफायनलला नेपाळ येणं आणि थायलंड येणं यातही फरक आहेच की. (महिलांचं गोल्ड कोरियाने चीनला चक्क ३-० ने हरवून नेलं, त्यावर वेगळं लिहायला हवं खरं तर.)

हे क्वार्टरफायनल-क्वार्टरफायनल मी इतकं का करतोय? कारण एशियन गेम्समध्ये सेमीफायनलला हरलेल्या दोघांनाही ब्राँझ मिळतं. तिसऱ्या जागेची मॅच नसते. म्हणजे क्वार्टरफायनल जिंकलात की पदक खिशात. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्येही असंच आहे. ऑलिम्पिक आणि कॉमनवेल्थला मात्र सेमीत हरलेल्यांना पुन्हा एकमेकांशी खेळावं लागतं. पॅरिस २०२४ ला लक्ष्य सेन सेमीफायनलला डेन्मार्कच्या अॅक्सेलसेनकडून हरला, मग ब्राँझच्या मॅचमध्ये मलेशियाच्या ली झी जियाविरुद्ध पहिला गेम जिंकूनही हरला आणि हात हलवत परत आला. तीच कामगिरी एशियन गेम्समध्ये केली असती तर गळ्यात पदक असतं. उलट सिंधूचं बघा, टोकियोला सेमी हरल्यावर ब्राँझच्या मॅचला समोर चीनची हे बिंगजियाओ होती, सिंधू २१-१३, २१-१५ जिंकली. हांगझोऊत तीच हे बिंगजियाओ क्वार्टरफायनललाच भेटली, सिंधू १६-२१, १२-२१ हरली, विषय संपला, रिकाम्या हाताने परत. कुठल्या स्पर्धेत कितव्या राउंडला कोण भेटतं यावर किती अवलंबून असतं बघा.

मग काय, ऑलिम्पिकपेक्षा एशियन गेम्स सोपे? लोक असं म्हणतात तेव्हा मला हसू येतं. बाकी खेळांचं माहीत नाही, पण बॅडमिंटनमध्ये चीन, इंडोनेशिया, कोरिया, जपान, मलेशिया, तैवान, थायलंड आणि आपण, सगळे आशियातच. बाहेरचा खरा मोठा देश एकच, डेन्मार्क. पॅरिसमध्ये बॅडमिंटनची एकूण १५ पदकं होती, त्यातली १४ आशियाने नेली, एक अॅक्सेलसेनचं गोल्ड तेवढं बाहेर गेलं. त्यामुळे एशियन गेम्सचं बॅडमिंटन म्हणजे डेन्मार्क आणि थोडे युरोपियन वजा केलेलं ऑलिम्पिकच.

एका देशाचे किती खेळाडू, हाही प्रश्न येतो दरवेळी. वैयक्तिक प्रकारांत एका देशाला जास्तीत जास्त दोन एंट्री. याचा फटका बसतो तो भरपूर खेळाडू असलेल्या देशांना, चीनकडे पहिल्या वीसात चार जण असतील तरी दोनच येणार, आणि तसाच तो आपल्यालाही बसला. हांगझोऊत पुरुष सिंगल्सला आपले दोघं होते प्रणॉय आणि श्रीकांत. म्हणजे लक्ष्य, ज्याने टीम फायनलमध्ये शी युचीला हरवलं, तो वैयक्तिक ड्रॉमध्येच नव्हता. शी युची पुढे त्याच ड्रॉमध्ये सिल्व्हर घेऊन गेला, गोल्ड ली शिफेंगचं.

शरीराचं काय होतं ते आता. बॅडमिंटनची अख्खी स्पर्धा २८ सप्टेंबर ते ७ ऑक्टोबर, दहा दिवस. पहिले चार दिवस टीम, १ तारखेला टीम फायनल, आणि २ तारखेपासून वैयक्तिक मॅच सुरू. मध्ये सुट्टी नाही. जी टीम फायनलपर्यंत गेली तिचे खेळाडू थकून येणार, आणि जी पहिल्याच राउंडला बाहेर पडली तिचे पोरं ताजेतवाने, चांगलं खेळल्याची शिक्षा म्हणा ना. नेहमीच्या वर्ल्ड टूरच्या स्पर्धेत आठवड्याला एकच ड्रॉ असतो, हे तसं नाही. प्रणॉयने त्याच पाठीसकट वैयक्तिक सिंगल्स खेळली. क्वार्टरफायनलला ली झी जियाविरुद्ध २१-१६, २१-२३, २२-२०, तिसऱ्या गेममध्ये दोन मॅच पॉइंट वाचवून. सेमीला ली शिफेंगसमोर काही उरलंच नव्हतं त्याच्याकडे, १६-२१, ९-२१. पण ब्राँझ मिळालं, पुरुष सिंगल्सचं पदक १९८२ च्या सय्यद मोदीनंतर थेट हे. आणि कोरियाची आन से-यंग, टीम गोल्ड जिंकून आली, मग सिंगल्स फायनलला पहिल्याच गेममध्ये गुडघा दुखावला, तरी चीनच्या चेन युफेईला तिसऱ्या गेममध्ये २१-८ ने हरवून दुसरं गोल्ड घेतलं. तिला लंगडताना बघून मला टीव्ही बंद करावासा वाटत होता.

पॉइंटचं पटकन सांगतो. हांगझोऊत जे स्कोअरिंग होतं ते २१ चं, तीनपैकी दोन गेम, प्रत्येक रॅलीला पॉइंट, सर्व्हिस कुणाचीही असो. २०-२० झालं की दोनचा फरक हवा, आणि ताणत ताणत २९-२९ झालंच तर ३० वा पॉइंट ज्याचा त्याचा गेम. ११ ला एक मिनिटाचा ब्रेक, तेव्हा कोच येऊन बोलतात, आणि दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटं.

याच्यात एक गोष्ट अशी आहे जी टीव्हीवर अजिबात कळत नाही, ती म्हणजे हवा. शटल म्हणजे १६ पिसं आणि बुडाला कॉर्क, वजन जेमतेम पाच ग्रॅम. मोठ्या हॉलमध्ये एसीची हवा एका बाजूने वाहत असते, खेळाडू त्याला ड्रिफ्ट म्हणतात. एका एंडवरून मारलेलं शटल बेसलाइनच्या बाहेर जातं, दुसऱ्या एंडवरून तोच फटका मारला तर आखूड पडतो. म्हणून टॉस जिंकल्यावर अनुभवी खेळाडू बरेचदा सर्व्हिसपेक्षा एंड निवडतो. प्रत्येक गेमनंतर एंड बदलतात, आणि तिसऱ्या गेममध्ये ११ झाले की मध्येच पुन्हा बदलतात. त्यामुळे कुणी पहिला गेम २१-१३ जिंकून दुसरा १३-२१ हरला तर लगेच "मूड गेला याचा" म्हणू नका, कदाचित फक्त बाजू बदलली असेल. तिसऱ्या गेममध्ये चांगल्या बाजूला आधी खेळून ११-८ असाल तर ती आघाडी कमीच समजायची, कारण पुढचे दहा पॉइंट वाईट बाजूने काढायचेत. शटलचा स्पीडही हॉलप्रमाणे निवडतात, गरम हवेत शटल पळतं, थंड हवेत मंद होतं, मॅचच्या आधी मारून बघतात ते त्यासाठीच.

तर एवढं सगळं झाल्यावर, ७ ऑक्टोबरला, शेवटच्या दिवशी, सात्विक-चिराग. सात्विक आंध्रातल्या अमलापुरमचा, आणि चिराग शेट्टी आपल्या मुंबईचा, मालाडचा, गोरेगावला उदय पवारांच्या अकॅडमीत घडलेला. टीम फायनल हरल्यावर पुन्हा पहिल्या राउंडपासून सुरुवात. सेमीला मलेशियाच्या आरन चिया-सो वूई यिक यांना २१-१७, २१-१२ आणि फायनलला कोरियाच्या चोई सोल-ग्यू-किम वोन-हो यांना २१-१८, २१-१६. एशियन गेम्समध्ये बॅडमिंटनचं भारताचं पहिलं गोल्ड, कुठल्याही प्रकारातलं. तीन दिवसांनी वर्ल्ड नंबर वन पण झाले. डबल्समध्ये त्यांचं जे चालतं ते बघायला मजा येते, सात्विक मागून जीव खाऊन स्मॅश मारतो आणि समोरच्याने कसंबसं परत दिलेलं शटल नेटवर चिराग खाऊन टाकतो, ऐकायला सोपं पण नेटवरच्या त्या माणसाला शटल कुठे येणार हे ते निघायच्या आधीच कळावं लागतं.

पहिलं गोल्ड म्हणजे किती वर्षांनी? बॅडमिंटन एशियन गेम्समध्ये आलं १९६२ ला, जकार्तामध्ये. म्हणजे ६१ वर्षं. मधल्या काळात ब्राँझ होती, १९८२ ला दिल्लीत तर एकाच वेळी पाच. सय्यद मोदीचं सिंगल्सचं, दोन्ही टीमची, मिक्स्डला लेरॉय डिसा आणि कंवल ठाकर सिंग, आणि पुरुष डबल्सला लेरॉय डिसाबरोबर आपले प्रदीप गंधे. म्हणजे चिरागच्या ४१ वर्षं आधी पुरुष डबल्सच्या पदकात एक मराठी हात होताच, पण आपल्याकडे १९८२ म्हटलं की लोकांना एसटीची एशियाड गाडी आठवते, गंधे आठवत नाहीत. त्यानंतर १९८६ चं ते पुरुष टीमचं ब्राँझ, २०१४ ला महिला टीमचं ब्राँझ, आणि २०१८ ला जकार्तात सिंधूचं सिल्व्हर आणि सायनाचं ब्राँझ, दोघींनाही हरवणारी एकच, तैवानची ताई त्झू-यिंग.

पुढचं असं आहे की २०२६ च्या ग्लासगो कॉमनवेल्थमधून बॅडमिंटन काढून टाकलंय, बर्मिंगहॅमला आपण त्यात तीन गोल्ड घेतली होती, त्यामुळे आपल्याला तो फटकाच. त्या वर्षीचे एशियन गेम्स जपानमध्ये, आयची-नागोयाला. टीम इव्हेंट बघायला बसाल तेव्हा लाइनअप आली की वरची नावं सगळ्यांना माहीत असतात, नजर टाकायची ती दुसऱ्या डबल्सवर आणि तिसऱ्या सिंगल्सवर. त्यातही दुसरी डबल्स हे आपलं जुनं दुखणं. हांगझोऊच्या सेमीत ती हरलो, फायनलमध्ये हरलो. २०२४ ला चेंगडूला थॉमस कपच्या क्वार्टरफायनलला पुन्हा समोर चीन आला, यावेळी प्रणॉय फिट होता आणि पहिली सिंगल्स खेळला पण, तो शी युचीकडून हरला, सात्विक-चिराग तीन गेममध्ये हरले, लक्ष्यने ली शिफेंगला हरवून आशा जिवंत ठेवली, आणि मग दुसऱ्या डबल्सला ध्रुव-साई प्रतीक. चीनने तोपर्यंत त्या जागेवरची जोडीच बदलली होती, लिऊ-ओऊ नव्हते, हे जितिंग आणि रेन शियांगयू होते. स्कोअर १०-२१, १०-२१.